कवटीआधी माणूस : घरच्या मंडळींबरोबर मेक्सिकोची ओफ्रेन्दा मांडताना

मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात राहत होतो त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी घरमालकीणबाईंनी दार वाजवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे कुणाचा फोटो आहे का?" मला वाटलं, भाडेकरूच्या कागदपत्रांचं काहीतरी राहिलं असणार. पण त्यांना आमच्या घरातलं कुणी गेलेलं माणूस हवं होतं. मृतांच्या दिवसासाठी मांडलेल्या त्यांच्या टेबलावर एक जागा मोकळी होती.

त्या टेबलावर त्यांच्या यजमानांची उन्हातली टोपी होती, न उघडलेली कोकची काचेची बाटली होती, सिगारेटचं पाकीट आणि काड्यापेटी होती. मी आजीचा फोटो दिला. "हिला काय आवडायचं?" त्यांनी विचारलं. मी सवयीनं खीर, पुरणपोळी असं पानातलं सांगायला लागले. त्यांनी मान हलवली. तसलं सगळ्यांनाच आवडतं, हिला काय आवडायचं ते सांग. माझ्या आजीला तपकीर लागायची. पितळी डबी, तिच्यावर कोरलेला मोर, आणि चिमूट घेण्याआधी झाकणावर दोनदा वाजवलेलं बोट. केरेतारोत तपकीर कुठून आणणार? शेवटी मुलीनं पुठ्ठ्याची डबी करून पिवळी रंगवली आणि ती फोटोशेजारी ठेवली. बाई खूश झाल्या.

इकडे परत आल्यावर दर वर्षी आम्ही घरी असंच टेबल मांडायची कार्यशाळा घेतो. चार-पाच कुटुंबं, आजी-आजोबांसकट. इंटरनेटवर या सणाच्या हस्तकला शोधल्या तर पहिल्या झटक्यात कवटीच समोर येते : रंगवा, चिकटवा, झालं. मुलं रंगवतात, घरी नेतात आणि त्यांना वाटतं हा मेक्सिकोचा हॅलोविन. तो तसा नाही. इथे भुतं नाहीत, रक्त नाही, कुणाला घाबरवायचं नाही. घरची माणसं वर्षातून एकदा घरी येतात आणि त्यांची सरबराई करायची असते. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. कवटी चौथी येते.

आधी एवढं माहीत असू द्या

सणाचं नाव दीआ दे मुएर्तोस, मृतांचा दिवस. मुख्य दिवस दोन : १ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्या मुलांचा आणि २ नोव्हेंबर मोठ्यांचा. काही भागांत २८ ऑक्टोबरपासूनच सुरुवात होते, अपघातात गेलेल्यांसाठी. कॅथलिक पंचांगातले सर्व संतांचा आणि सर्व मृतांचा हे दिवस आणि स्पॅनिश लोक येण्याआधीच्या तिथल्या लोकांचे मृतांचे उत्सव यांची ही सरमिसळ आहे. कुणाचा वाटा किती यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. युनेस्कोनं २००८ मध्ये ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांना २ नोव्हेंबर नवा नाही. त्या दिवशी तेही दफनभूमीत फुलं-मेणबत्त्या घेऊन जातात. पात्स्क्वारो तलावातल्या हानित्सिओ बेटावर किंवा मेक्सिको सिटीच्या कडेला असलेल्या मिस्किकमध्ये मात्र माणसं रात्रभर कबरीपाशी बसतात, खातात, गप्पा मारतात.

घरात जे मांडतात ती ओफ्रेन्दा. शब्दाचा अर्थ अर्पण. आपण तीच करणार आहोत.

दिवस, वेळ, माणसं

शनिवार दुपारचे तीन तास आणि रविवारची संध्याकाळ. एका दिवसात उरकायला जाल तर साखर वाळणार नाही आणि पोरं कंटाळतील. दिवाळीची तारीख आधी बघा. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच आलं होतं. त्या दिवशी दिवाणखान्यात कवट्या मांडल्या असत्या तर सासूबाईंनी मला मांडलं असतं. तारखा भिडल्या तर एक आठवडा मागेपुढे करा. मेक्सिकोत कुणी पोलीस पाठवणार नाही.

दहा-बारा मुलांपेक्षा जास्त नकोत आणि दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं. बोलवतानाच पालकांना विचारून घ्या, घरात अलीकडे कुणी गेलंय का. ज्या मुलाचं कुणी सहा महिन्यांत गेलंय ते कदाचित खूप बोलेल, कदाचित गप्प बसून फक्त कागद कापेल. दोन्ही चालतं. "रडू नकोस" म्हणू नका आणि "सांग ना आजोबांबद्दल" असा आग्रहही करू नका. आमच्याकडे एका मुलीनं कुत्र्याचा फोटो आणला होता. तोही चालतो. तिकडे अलीकडे २७ ऑक्टोबर हा पाळीव प्राण्यांचा दिवस म्हणून रूढ झाला आहे.

सामान : पतंगाचा कागद (जांभळा, केशरी, गुलाबी, पिवळा), केशरी क्रेप कागद, लहान टोकदार कात्र्या, स्टेपलर, ग्लू स्टिक, जाड दोरा, पुठ्ठा, खोकी, दोन किलो साखर, एक-दोन किलो झेंडू. कागद आठवडाभर आधीच आणा. जांभळा हमखास संपलेला असतो.

पायरी १ : एका माणसाची एक वस्तू

हिला अर्धा-पाऊण तास द्या. प्रत्येक मुलाला एका गेलेल्या माणसाचा फोटो आणायला सांगा, आणि फोटोत दुसरं कुणी हयात माणूस नको. ओफ्रेन्देवर जिवंत माणसाचा फोटो ठेवणं अशुभ मानतात. आपल्याकडे जुने फोटो सगळे लग्नातले, पंधरा माणसांचे. त्यामुळे हवा तेवढा भाग कापून त्याची प्रत काढून आणायला आधीच सांगा.

मग मोठ्यांनी प्रश्न विचारायचे, पण "ते कसे होते" हा प्रश्न नको. त्याला उत्तर एकच येतं : प्रेमळ. त्याऐवजी विचारा : खिशात काय असायचं? चिडले की काय म्हणायचे? चहात साखर किती? बसायची जागा कोणती? रेडिओवर काय लावायचे? मुलांना माहीत नसलं तर ती शेजारी बसलेल्या आजीला विचारतात, आणि खरी कार्यशाळा तिथेच सुरू होते. गेल्या वर्षी एका आजोबांनी सांगितलं की त्यांचा भाऊ एसटीचं तिकीट कधी टाकायचा नाही, सगळी पाकिटात जपून ठेवायचा. नातवानं तीस छोटी तिकिटं कापली, प्रत्येकावर गावाचं नाव लिहिलं. आजोबा नावं सांगत होते आणि मध्येच थांबत होते.

उत्तरांतून एक वस्तू निवडायची आणि पुठ्ठा, कागद, रंग यांतून तळहाताएवढी करायची : चष्मा, पानाचा डबा, स्कूटरची किल्ली, विणकामाच्या सुया. सुबकपणा नको, ओळख पटली पाहिजे.

पायरी २ : पापेल पिकादो

ओफ्रेन्देवर झुलणाऱ्या जाळीदार पताका त्या पापेल पिकादो. शब्दशः टोचलेला कागद. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर कात्री वापरतच नाहीत. पातळ कागदाचा पन्नासेक तावांचा गठ्ठा शिशाच्या पत्र्यावर ठेवतात, वर नक्षीचा आराखडा, आणि वेगवेगळ्या आकारांच्या छिन्न्यांवर हातोडी मारत एका दमात सगळे ताव कोरतात. शिसं मऊ असल्यामुळे छिन्नीची धार बोथट होत नाही. ते काम पाहिलं की आपली कात्री खेळण्यातली वाटते. पण मुलांच्या हाती छिन्नी देता येत नाही, तेव्हा घड्यांची पद्धत. लहानपणी आपण कागदाच्या घड्या घालून जाळी कापायचो, तीच.

१. ताव साधारण ३५ × २५ सेंटिमीटर असे कापा. आडवा धरा. वरची ३ सेंटिमीटर पट्टी पेन्सिलीनं आखा. तिला कात्री लावायची नाही, ती दोऱ्यावर दुमडायची आहे.

२. तीनच ताव एकावर एक ठेवा, वरच्या पट्टीत स्टेपल मारा. मुलं सहा ठेवायला बघतात. मग कात्री चालत नाही आणि आतला कागद चिंधी होतो.

३. डावी कड उजव्या कडेवर आणून उभी घडी घाला. पुन्हा एकदा तशीच. सात वर्षांखालच्यांना एकच घडी पुरे.

४. घडीच्या कडेवरून आकार कापा : अर्धगोल, त्रिकोण, पान, अर्धं हृदय. उलगडल्यावर ते दुप्पट होतात.

५. खालच्या कडेला महिरप कापा.

कवटी हवी असेल तर तावाला एकच घडी घाला आणि घडीच्या बाजूला अर्धा चेहरा काढा. नाक म्हणजे घडीवरच अर्धा त्रिकोण. डोळा घडीपासून बोटभर आत येतो, त्यामुळे त्याच्यापुरती तिथे छोटी दुमड घालून अर्धगोल कापायचा. दातांसाठी घडीवरून बारीक चिरा. चेहऱ्याची बाहेरची रेघ सलग कापू नका, तुटक कापा. हे एकच शिकवायचं आहे आणि प्रत्येक वर्षी निम्मी मुलं ते हात लावल्यावरच शिकतात : चीर चिरेला भेटली की मधला तुकडा गळून पडतो. एखाद्या मुलाची अख्खी कवटी जमिनीवर पडते, हातात भोक असलेला ताव उरतो. भोकालाही कवटीचाच आकार असतो, तेव्हा तो तसाच टांगा.

उलगडताना घाई नको. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो. स्टेपल काढा, ताव सुटे करा, वरची पट्टी दोऱ्यावर दुमडून ग्लू स्टिकनं चिकटवा. पातळ डिंक नको, रंग फुटतो. चुरगळलेले ताव जाड पुस्तकात रात्रभर ठेवले की सरळ होतात.

पताका वाऱ्यानं हलल्या की पाहुणे आले असं समजतात. आपल्याकडे त्या छताच्या पंख्यानं हलतात. पहिल्या वर्षी कुणीतरी पंखा पाचवर केला आणि पाहुणे एकदम सगळेच आले, मेणबत्त्या विझवून आणि पाकळ्या स्वयंपाकघरापर्यंत उधळून.

पायरी ३ : झेंडू

या सणाचं फूल सेम्पासूचिल, म्हणजे आपला मोठा केशरी झेंडू. तिथल्या मूळ लोकांच्या नावात्ल भाषेत अर्थ वीस फूल, पुष्कळ पाकळ्यांचं अशा अर्थानं. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो ते झाड मुळात मेक्सिकोकडचं. पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आलं असं मानलं जातं. मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू दोन मिनिटं माझ्याकडे संशयानं बघत होत्या.

खरा झेंडू स्वस्त असताना कागदाचा का करायचा? मुलांच्या हातांना काम म्हणून, आणि चार दिवसांनंतरही राहतो म्हणून. क्रेपचे १५ × १२ सेंटिमीटरचे सहा तुकडे एकत्र, पंख्यासारख्या बोटभर रुंदीच्या घड्या, मध्यभागी दोरा करकचून. दोन्ही टोकांना करवतीसारखे दाते कापा आणि एकेक थर मध्याकडे उचला. मुठीएवढं फूल होतं. खऱ्या फुलांच्या पाकळ्या मात्र एका टोपलीत वेगळ्या काढून ठेवा, वाटेसाठी लागतील.

पायरी ४ : आता कवटी

साखरेची कवटी ज्या मिठाईच्या घराण्यातली, तिला स्पॅनिशमध्ये आल्फेन्यीके म्हणतात. तोलुका शहरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिचा मोठा बाजार भरतो. हा शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत संस्कृत फाणितवरून. फाणित म्हणजे आटवलेला उसाचा रस, आपल्या काकवीची थोरली बहीण. साच्यातली साखर आपल्यालाही नवी नाही, पाडव्याच्या गाठी तशाच होतात. तिकडचे कारागीर उकळता पाक मातीच्या साच्यात ओततात, कडेला थर धरला की आतला पाक परत काढून घेतात, म्हणजे कवटी पोकळ होते. मुलांबरोबर उकळता पाक अजिबात नको. ओली साखर दाबून करा, आणि तीही मोठ्यांनी आदल्या दिवशी.

एक किलो साखर मिक्सरमध्ये दोन-तीनदाच फिरवा. आपल्या साखरेचा दाणा जाड असतो, तो नीट बसत नाही. पण पिठी झाली तर वाया गेली, बारीक रवा व्हायला हवा. पाच छोटे चमचे मेरिंग पावडर मिसळा आणि पाच छोटे चमचे पाणी शिंपडत हातानं चोळा. मूठ वळून उघडली की बोटांचे ठसे तसेच राहायला हवेत. ढासळली तर अर्धा चमचा पाणी, हाताला चिकटली तर मूठभर साखर. मेरिंग पावडरमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, हे शाकाहारी घरांना आधी सांगा. नुसत्या साखर-पाण्याचीही होते, थोडी ठिसूळ राहते इतकंच.

कवटीचा साचा ऑनलाइन मिळतो. नसेल तर खोलगट वाटीत साखर घट्ट दाबा, पुठ्ठा ठेवून उलटी करा, अंगठ्यानं डोळ्यांचे दोन खड्डे आणि काडीनं दात. एक किलोत सात-आठ मध्यम कवट्या होतात. रात्रभर वाळू द्या. पुण्या-नाशकाला पंख्याखाली दुसऱ्या दिवशी खडखडीत होतात, मुंबई-कोकणात दोन दिवस धरा. दमट हवेत साखर हट्ट करते.

सजावटीला पिठीसाखर आणि लिंबाचा रस घट्ट कालवून, खायचे रंग घालून, प्लॅस्टिकच्या कोनात भरा. फुलं, ठिपके, डोळ्यांभोवती पाकळ्या. कपाळावर नाव लिहितात, आणि गंमत म्हणजे ते जिवंत माणसाचंही असतं. मैत्रिणीला तिच्याच नावाची कवटी भेट द्यायची पद्धत आहे. आमच्याकडे एका आजींनी आपली कवटी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "दात बरे दिलेत." घरातल्या कुणाला कवटी नकोच वाटत असेल तर वाद घालू नका. त्यांना झेंडूकडे बसवा.

पायरी ५ : कालावेरिता

हाताचं काम दमवतं तेव्हा ही पायरी. या दिवसांत मेक्सिकोत जिवंत माणसांवर थट्टेच्या कविता लिहितात, त्या कालावेरिता : मृत्यू येतो आणि त्या माणसाला त्याच्याच खोडीसकट घेऊन जातो. वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांवरही येतात. टोपीवाली कवटी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती होसे ग्वादालूपे पोसादा या चित्रकाराची, आणि युरोपी थाट करणाऱ्यांची टर उडवायला त्यानं ती कोरली होती. तो १९१३ मध्ये वारला. १९४७ मध्ये दिएगो रिव्हेरानं भित्तिचित्रात तिला पूर्ण अंग आणि झगा दिला.

स्पॅनिशमध्ये मृत्यू बाई आहे, म्हणून आमच्याकडे ती हाडकाबाई. मधुमेह असलेल्या एका काकांवर मुलांनी केलेली ही :

हाडकाबाई दारात आली, "काका, चला वरती!"
काका म्हणाले, "आधी चहा, बसा खुर्चीवरती."
चहा झाला, पोहे झाले, गप्पा रात्रभर,
पहाटे निघता काका पुसती, "वर मिळते का साखर?"

ज्याच्यावर लिहायचं त्याची परवानगी घ्या. घरात कुणी खरंच आजारी असेल तर ही पायरी गाळा.

पायरी ६ : मांडणी, रविवारी संध्याकाळी

भिंतीला टेबल लावा, वर दोन आकारांची खोकी ठेवून तीन पायऱ्या करा. तिकडे काही जण दोनच पायऱ्या करतात, आकाश आणि पृथ्वी. सात पायऱ्यांचीही पद्धत आहे, पण सातव्यावर पोचायला घरात शिडी लागते. वर कापड घाला. आम्ही आजीचं नऊवारी घालतो. मागे कमान हवी. तिकडे ती बोरूची नाहीतर उसाची करतात. तुळशीच्या लग्नासाठी ऊस येतोच बाजारात, दोन कांडी जास्त घ्या.

सर्वांत वर फोटो. मधल्या पायरीवर मुलांनी केलेल्या वस्तू, कवट्या आणि खाणं : त्या माणसाला आवडायचं ते, भेळ असली तरी भेळ. पान दे मुएर्तो म्हणजे वर हाडांसारख्या पट्ट्या असलेला गोड पाव. तो भाजत बसायचा उत्साह नसेल तर बेकरीतला बन घ्या, वितळलेलं लोणी लावा, वर साखर आणि संत्र्याची किसलेली साल. खालच्या पायरीवर पाण्याचा पेला, कारण लांबून आलेल्याला तहान लागते, आणि एका वाटीत मीठ, शुद्धीसाठी. तिकडे कोपाल नावाचा झाडाचा डिंक जाळतात. आपल्याकडे धुपाटण्यात राळ किंवा ऊद घाला, पण चिमूटभरच आणि खिडकी उघडी ठेवून. दम्याचं कुणी असेल तर नकोच.

मेणबत्त्या प्रत्येक माणसामागे एक, आणि एक जास्त, ज्यांची आठवण काढायला कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी. ती लावायला मुलं भांडतात. काचेच्या उंच पेल्यात ठेवा, वर पताका नको आणि पंखा बंद. लहान मुलं असतील तर बॅटरीचे दिवे सरळ वापरा.

शेवटी टोपलीतल्या पाकळ्या. दारापासून टेबलापर्यंत दोन इंच रुंद वाट. रंग आणि वास यांच्या मागानं पाहुणे घर ओळखतात असं समजतात. मुलांना पायमोजे काढायला सांगा, घसरतात. दिवे मालवा आणि प्रत्येकानं आपली वस्तू कुणाची ते एका वाक्यात सांगावं. नको म्हणणाऱ्याला वगळा. मग खायला बसा, तिथेच, जमिनीवर.

आवराआवर

तीनेक तारखेला उतरवा. टेबलावरचं टिकाऊ खाणं वाटून टाका, नासणारं आदल्या रात्रीच संपवा. तिकडे म्हणतात की या खाण्याची चव गेलेली असते, पाहुणे ती घेऊन जातात. पताका पुस्तकात जातात, कागदी वस्तू एका डब्यात. आजीची पिवळी डबी त्यातच आहे, मोराचा रंग उडालाय. सुकलेल्या झेंडूच्या काळ्या काड्या कुंडीत पेरा. साखरेच्या कवट्या खाऊ नका, चार दिवसांची धूळ आणि वीस हात लागलेले असतात. ठेवायच्या असतील तर पसरट ताटात पाणी घालून मधोमध वाटी पालथी घाला आणि कवटी तिच्यावर ठेवा. आम्ही एकदा हे विसरलो. सकाळी बघतो तर काकांच्या कपाळावरून मुंग्यांची रांग लागली होती, आणि नावातलं पहिलं अक्षर गायब.